तिरडीचा शॉट

तिरडी बाजारात शिरली आणि कापडवाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं. मागोमाग भांडीवाल्याने. मी गच्चीवर, लपवलेल्या कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. मनात म्हटलं, जमलं बुवा.

मी लोकेशन मॅनेजर. शूटिंगची जागा, परवानग्या, गर्दी हे माझ्याकडे. जॅझ बॅलेत संवाद नसतात. जॅझच्या तालावर नाचूनच गोष्ट सांगायची. स्टेजवर गाजलेला असा एक जुना बॅले आम्ही चिखलीच्या रस्त्यांवर सिनेमात आणत होतो. शेवटी नायिका मरते, चौघे तिला नाचत नेतात. नायिका पल्लवी. माहेर दुसरबीडचं, सासर पुण्याचं.

डायरेक्टर मॅडमना लोकांचे चेहरे खरे हवे होते. म्हणून मी फक्त पोलिसांना सांगितलं, बाजाराला नाही. फार शहाणा मी.

चौकापर्यंत साधी चाल होती, नाच पुढे. पण चौकाआधीच दोन दुकानदार खांदा द्यायला सरसावले. मॅडम वॉकीवर म्हणाल्या, “कट करू नका.” तेवढ्यात एक भाजीवाला तिरडीत डोकावला.

“अरे, हे तं आमच्या गावच्या सुभाषची बहीण व्हय!”

फोन कानाला लावूनच तो गर्दीबाहेर पडला, मोटरसायकल काढून निघून गेला. मी लक्ष दिलं नाही. पुढे नाच सुरू झाला तशी लोकांना गोम कळली, आम्हाला शिव्याही पडल्या. युनिटचे सगळे फोन नेहमीप्रमाणे पेटीत जमा होते.

दीडेक तासाने जीप आली. मी खाली चौकात आलो होतो. पल्लवीचा मोठा भाऊ सुभाष उतरला. डोळे सुजलेले, काखेत नवी हिरवी साडी. सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते आमच्याकडे.

पल्लवी ओट्यावर चहा पीत होती.

सुभाष मटकन खालीच बसला.

“दादा, मी जित्ती हावो ना. पाह्य माह्याकडं,” पल्लवी त्याला हलवत होती.

“रस्ताभर फोन लावला तुले. आईले अजून सांगतलं नाही मी.”

कापडवाला पाणी घेऊन आला. “पोरीचं आयुष्य वाढलं, भाऊ. उठा.”

सुभाषने माझ्याकडे पाहिलं. “तुमाले घरी एक फोन करता नाही आला?”

लाजेने मान वर होईना.

साडीचं काय करायचं, कुणाला सुचेना. घरी परत नेणं अशुभ, टाकून देणं त्याहून वाईट. पल्लवीने ती त्याच्या काखेतून ओढली आणि तिथंच, ड्रेसवर गुंडाळली.

“माह्या माहेरची हाय. मी नेसणार.”

तेव्हा कुठे सुभाष रडला.

शॉट सिनेमात आहे. लोक वाखाणतात. सुभाषने सिनेमा पाहिलेला नाही. मी हल्ली पहिला फोन कलाकाराच्या घरी करतो, पोलीस ठाण्यात नंतर.