चंदेरी बुटांचा साक्षीदार

दिलेला शब्द पाळून समोरच्या माणसाचा जीव कसा मेटाकुटीला आणावा, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं आमच्या भावोजींकडे शिकवणी लावावी. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी गोव्यात डिचोलीला, खनिजाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर. मूळ घर पेडण्याकडे. लग्नाआधी ते गावच्या दशावतारी कंपनीत स्त्रीपार्ट करायचे. महाराणी, वनवासातली महाराणी आणि वनवासातून परत आलेली महाराणी, अशा तीन भूमिका त्यांच्या नावावर होत्या. आमच्या बाबांना मुलगा सालस वाटला, घर बरं वाटलं, पण महाराणी काही पचेना. त्यांनी लग्नाच्या बोलणीत एकच अट घातली. "पोरीक घोव जाय, मैत्रीण न्हय," ते म्हणाले. "परत तोंडाक रंग लागता कामा नये." भावोजींनी हात जोडून "लागचो नाय" असं सांगितलं आणि विषय संपला, असं आम्हा भोळ्या माणसांना वाटलं.

विषय लग्नातच सुरू झाला. हळद लावायला बायका जमल्या तर नवरदेव मान मागे घेऊन बसले. हळद हा रंग आहे की नाही, असा त्यांचा साधा प्रश्न होता. भटजींनी शास्त्र सांगितलं, मावश्यांनी डोळे वटारले, शेवटी पायांपासून गळ्यापर्यंत हळद लागली आणि त्यावर एक कोरडं, आज्ञाधारक तोंड राहिलं. बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. पुढे दर शिगम्याला, रंगाच्या दिवशी, भावोजी सकाळपासून न्हाणीघरात कडी लावून बसत. गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी बाजारात गुलाल उडाला, तेव्हा भर उन्हात छत्री पुढे धरून ढाल-तलवारीच्या पवित्र्यात घरी येणारा डिचोलीतला एकमेव नागरिक म्हणजे आमचे भावोजी. आणि रोजची कथा तर निराळीच. काट्यावर दिवसभर ट्रक चढायचे-उतरायचे, लाल धूळ उडायची, संध्याकाळपर्यंत सगळे कारकून विटेसारखे दिसायचे. भावोजी मात्र पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून दर चार ट्रकांमागे एकदा तोंड धूत. घरी सोप्याच्या पायरीवर ताई दुसरा तांब्या भरून ठेवायची. तो तोंडावर रिकामा केल्याशिवाय ते उंबरा ओलांडत नसत. हा भोळेपणा होता की बाबांवर उगवलेला सूड, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. बाबांना बहुतेक कळलं होतं, कारण ते जावयाकडे फारसे राहायला जात नसत.

या संसारात तिसरा माणूस होता तो एका इंग्रजी रेकॉर्डच्या कव्हरवर. लग्नाआधी मांद्रे गावात नाटक झालं तेव्हा एक केसाळ गोरा पाहुणा रंगपटात डोकावला आणि वनवासातली महाराणी बिडी ओढताना पाहून तिथंच खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं ही रेकॉर्ड आणून दिली. आधी कव्हरवर बोट ठेवलं, मग भावोजींच्या छातीवर, आणि हसला. कव्हरवर एक सडपातळ पुरुष उभा होता. पापण्या निळ्या, गालांवर चकचकीत भुकटी, ओठ लाल, गळ्यात पिसांची माळ आणि पायांत गुडघ्यापर्यंत चंदेरी बूट. भावोजींनी क्षणात ओळखलं. "हो आमच्यातलोच," ते मला सांगत. "फकत गालार लाली वायच जादा झाली. माका विचारल्यान असतो तर सांगलं असतं."

रेकॉर्ड वाजवायचं यंत्र त्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पैदा केलं. तबकडी फिरवणारा पट्टा त्यात नव्हता, म्हणून भावोजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक गोल पट्टी कापून चढवली. यंत्र चालू झालं आणि त्या चंदेरी बूटवाल्याच्या गळ्यातून असा काही भारदस्त, संथ आवाज आला की भावोजी गहिवरले. त्यांना त्यांचा साक्षीदार मिळाला होता. लग्नानंतरच्या पहिल्या गणेशचवथीला त्यांनी बाबांना समोर बसवून रेकॉर्डची एक पूर्ण बाजू ऐकवली. "आयकलात? तोंडाक रंग लायलो म्हणान आवाज बायलेचो जाता काय? मरद तो मरदच." बाबांनी कव्हर लांब धरून, जवळ धरून पाहिलं. मग विचारलं, "ह्या मनशाचें लगीन जालां?"

"ठावक नाय."

"जावचें ना," बाबा म्हणाले आणि पान लावायला घेतलं.

तरी भावोजींनी साक्षीदार सोडला नाही. घरी कोणीही आलं की कव्हर हातात, सुई तबकडीवर. विमा एजंट आला, त्याला ऐकवली. त्यांच्या मुलीला बघायला आले त्यांना ऐकवली, आणि तरी स्थळ जमलं यावरून ती माणसं किती सोशिक होती हे लक्षात यावं. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, या वादात तर कमालच झाली. कोकणीवाले आणि मराठीवाले दोघंही दारात येत, भावोजी दोघांनाही आधी रेकॉर्ड ऐकवत. मग तुमची भाषा कोणती, या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार असे. "राणी जालंय काय मराठी. मुकुट काडून बिडी ओढूक बसलंय काय कोकणी." दोन्ही बाजूंनी त्यांना आपापल्या यादीतून काढून टाकलं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ती मंडळी निदान एका मुद्द्यावर सहमत झाली, याचं श्रेय भावोजींना कोणी दिलं नाही.

मी म्हापशाला शाळेत गणित शिकवत होतो आणि गणिताच्या मास्तरांना असतो तितका खोडसाळपणा माझ्यात होता. कव्हरच्या मागे दुसऱ्या गाण्यापुढे चार मिनिटं असा वेळ छापलेला होता. मी घड्याळ लावून पाहिलं. भावोजींकडे ते गाणं बरोबर पाच मिनिटं चालत होतं. हे मी त्यांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "इंग्रेजांचो मिनिट मोठो असतलो." माझ्या पंचवीस वर्षांच्या अध्यापनाचा इतका निकाल कुठल्याही विद्यार्थ्यानं लावला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर टपून होतो.

बाबा गेले. त्यांच्या तेराव्यालाही भावोजी तोंड धुऊनच आत आले. आता कोणासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आणि मग एका सुट्टीत म्हापशाच्या दुकानात काचेमागे मला तेच चंदेरी बूट दिसले. तीच रेकॉर्ड, पण सीडीवर. मूळ ध्वनिफितीवरून साफसूफ करून नव्यानं काढलेली. रीमास्टर का काय म्हणतात ते. मी ती घेतली, लेकीचा सीडी प्लेअर काखोटीला मारला आणि डिचोलीची बस पकडली. भावोजींना आनंद व्हावा म्हणून नव्हे. त्यांची खोड मोडावी म्हणून. हे आता लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

भावोजी काट्यावरून आले, पायरीवर तोंड धुतलं आणि सोप्यावर टेकले. मी बटण दाबलं. धुळीची खरखर नाही, सुईची कुरकुर नाही, एकदम स्वच्छ बाजा, आणि त्यावर उंच, नाजूक, लाडिक आवाज. भावोजींनी कपाळाला आठी घातली. "हो दुसरो कोणतरी."

"तोच आहे, भावोजी. खरा तोच." मग मी यथासांग सिद्धता मांडली. सायकलची ट्यूब ढिली, म्हणून घसरते. तबकडी हळू फिरते. तबकडी हळू फिरली की आवाज खाली उतरतो. चारची पाच मिनिटं होतात ती म्हणून. शेवटी इति सिद्धम् तेवढं म्हणायचं ठेवलं.

 भावोजींनी जुनं कव्हर मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे तुजे बाबा बरोबर होते. इतकी वर्सां मी खोटो साक्षीदार उभो केलंय." ते नाटकी बोलत नव्हते. त्यांच्या प्रत्येक वाक्यात थोडं नाटक असायचं, त्याची मला सवय होती. त्या वाक्यात ते नव्हतं. जिंकलेल्या माणसाला बरं वाटायला हवं होतं. मला घरी पळून जावंसं वाटलं.

ताई आतून हात पुसत आली. "परत लाव तें," ती मला म्हणाली. मी लावलं. ती दाराला टेकून सगळं गाणं ऐकत राहिली, मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हो तुमचो आवाज."

"तुका काय ठावक माजो आवाज? तू खंय आयकलंस?"

"पेडण्याक मावशीकडे जत्रेक गेल्लंय. लग्नाआधी. राणी रानात पोराक शोधता तेव्हां तुमी असोच आवाज लायल्लो. मी रडलंय. मावशी म्हणाली, अगो, ती बायल न्हय, तो बापयो. मागीर बाबांनी स्थळ हाडलां, नांव आयकलां आनी मी होय म्हटलां. त्या राणीक होय म्हटलां मी."

भावोजींचं तोंड उघडं राहिलं. "इतकी वर्सां सांगूक नाय?"

"तुमी विचारूक नाय," ताई म्हणाली. "आनी अट बाबांची होती. माजी नव्हती."

तिसऱ्यांदा सीडी कोणी लावली ते आठवत नाही. भावोजींनी आधी नुसता सूर धरला. मग शब्द न समजता, फक्त आवाजाच्या मागे मागे, ते वर चढत गेले, त्या बूटवाल्याच्या बरोबरीनं, उंच आणि नाजूक. साठीकडे झुकलेल्या माणसाचा गळा होता; वरच्या सुरावर तो फाटला, त्यांनी पुन्हा धरला, पुन्हा फाटला. तरीही मला कळलं की आमच्या घराण्याच्या अब्रूसाठी आम्ही काय कोंडून ठेवलं होतं. त्या अटीच्या वेळी मी हजर होतो, समजत्या वयाचा होतो, आणि बाबांच्या शेजारी बसून मानही डोलावली होती. मला फार वाईट वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. म्हटलं, "भावोजी, बाबांच्या वतीनं मी सांगतो, शब्द सुटला. यंदा जत्रेला उभे राहा."

ते मोठ्यानं हसले. "खुळो मरे तू. पुढचे दोन दात गेले. बोळकी महाराणी वनवासातसून परत येयत, तर राजा तिका परत धाडून देयत."

मग ते उठले आणि पायऱ्या उतरून फाटकाशी जाऊन उभे राहिले. दिवसाचे शेवटचे ट्रक नदीकडच्या धक्क्याला निघाले होते. एकामागून एक चार गेले आणि लाल धूळ उठून रस्त्यावर, कुंपणावर, झाडांवर बसत गेली. एरवी ते ट्रकची चाहूल लागताच आत पळायचे. आज मात्र ते हलले नाहीत. परत आले तेव्हा कपाळ, गाल, पापण्या, सगळं लाल झालं होतं. तसेच ते पायरीवर बसले, पाठ ताठ, मान किंचित कलती, आणि चहाची वाट पाहू लागले.

ताईनं पायरीवरच्या भरलेल्या तांब्याकडे पाहिलं. तिनं तो उचलला, पाणी कुंपणाजवळच्या अबोलीला घातलं आणि चहा टाकायला आत गेली.