साहेबाच्या टाकीचं पाणी

औंढ्याच्या अलीकडे निजाम सरकारचा एक बंगला होता, दौऱ्यावरच्या साहेबांसाठी. आमचे हे तिथले चौकीदार आणि मी पाणी भरणारी, बिनपगारी. न्हाणीघरामागे दगडी चौथऱ्यावर लोखंडी टाकी होती आणि तिची तोटी आत, साहेबाच्या अंघोळीसाठी. हुकूम एकच, टाकी कायम भरलेली पाहिजे.

साहेब वर्षातून एकदा उगवायचा, कधी तेवढंही नाही. उन्हानं पाणी खाली गेलं की मी उतारावरच्या विहिरीवरून चार घागरी आणून वर ओतायची. तळचं पाणी तिथंच राहायचं. तोटी तळापासून वीतभर वर, त्यामुळे गाळ कधी निघायचाच नाही. झाकणाच्या पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. चैत्रात टाकीला हात लावला तर चटका बसायचा आणि आतून कुबट वास यायचा.

एका उन्हाळ्यात साहेब येणार अशी वर्दी आली. हे म्हणाले, "टाकीतलं पानी सोडून देऊ. खरवडून नवं पानी भरू. समदं बुळबुळीत होऊन राहिलंय."

मी फणकारले, "काहून? घागर तुमच्या डोक्यावर हाये का? एक थेंब वाया जाऊ देनार न्हाई मी."

हे खराटा घेऊन अंगण झाडायला गेले. माझ्या तोंडाला कोण लागणार!

साहेब आला तो पिण्याचं पाणी सुरईत घेऊनच. त्याच्या शिपायानं तोटी सोडली, नाक दाबलं आणि म्हणाला, "ये पानी? ताजा लाओ." भर उन्हात मी विहिरीवरून पुन्हा अंघोळीचं पाणी आणलं. साहेब गेला, टाकी तशीच भरलेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरकारला नको तर नको, पण माझा घाम मी ओतून देणार नव्हते. तेच पाणी दुहेरी फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली आणि आमच्या रांजणात भरलं. निवळशंख दिसत होतं.

तीन वर्षांची लेक होती आमची. दोन दिवसांत तिला हगवण लागली. माझंही पोट बिघडलं, पण मी निभावले. तिच्या घशाला सारखी कोरड पडायची. "आई, पानी," म्हणायची, आणि मी रांजणातलंच द्यायची, वाटीवाटीनं. औंढ्याचा वैद्य आला तेव्हा चौथा दिवस होता. पाणी कुठलं देता, असं त्यानं विचारलं. मी रांजण दाखवला. त्यानं वास घेतला आणि मान खाली घातली. संध्याकाळी लेक गेली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी एकट्यानं टाकी रिकामी केली. काळा गाळ टोपल्यांनी काढला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ठेच माझ्या लेकीला लागली आणि शहाणी मी झाले.

'मी सांगितलं होतं' असं हे एकदा तरी म्हणतील, म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. मरेपर्यंत म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर भांडले तरी असते.