निशाणी बांगडी

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही तो बसला आहे असे म्हणवत नाही. वडिलांनी मला कवितेबरोबर मोडीही शिकवली, आणि मोडी वाचणाऱ्याला कागदावर असेल तेवढेच खरे मानायची सवय लागते.

युद्ध सुरू होण्याआधीचा हिवाळा. आम्ही लोणावळ्यात राहत होतो. मावळातली ओसाड गावे कोणत्या घराण्यांनी वसवली, हे शोधण्याचा माझ्या यजमानांना ध्यास. जुने कागद वाचून त्यांची नक्कल करणे हे माझे काम. मळवलीपलीकडच्या एका वाडीतून सरूबाई आली ती फडक्यात बांधलेला कागद घेऊनच.

"ताई, मालक गेलं, पोरबाळ न्हाई. दीर म्हनत्यात, घर सोड. पर ही वाडी आमच्या घराण्यातल्या एका रांडाव बाईनंच वसवली, आसं समदी म्हनत आलीत."

पंचांनी ठरवले होते — कागदात तसे निघाले, तर घर सरूबाईचे.

कागद वाडीच्या वसाहतीचाच होता. पण वसवणाऱ्याचे नाव कसरीने खाल्ले होते. उरल्या तळाच्या निशाण्या. लिहिता न येणारा कुणबी सहीऐवजी नांगर काढी; बाई काढी बांगडी, एक साधे वर्तुळ. तिथे नांगरच नांगर होते, आणि शेवटी कोरी जागा. मी तशीच नक्कल केली. कागद रात्रभर आमच्याच पेटीत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळाच्या ओट्यावर सगळे जमले. उन्हात पेंढ्याचा गोडसर वास भरला होता. सरूबाईचे दीर, भिकूभाऊ, मोठ्याने म्हणाले, "वाचा, ताई! बांगड्या भरल्या हातानं नांगर धरला म्हनं!"

"का? तुमच्या आयनं धरला न्हवता व्हय?" सरूबाई म्हणाली. लोक हसले.

"नाही" हा शब्द ओठांवर घेऊन मी घडी उलगडली... आणि जुन्या शाईतल्या काजळीचा, डिंकाचा ताजा वास आला. बोटांखाली वाळू करकरली. कोऱ्या जागेत वर्तुळ होते — टोके पुरती न जुळलेले, ओलसर, चमकणारे.

भिकूभाऊंनी पुढे होऊन त्यावर बोट ठेवले.

"ह्ये तर... वलं हाय."

बोट काळे झाले होते. ते धोतराला पुसत, कुणाकडेही न पाहता ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला."

परतीच्या गाडीत यजमानांनी हलकेच विचारले, "तू काढलीस?"

"नाही."

माझी शाई निळी. मी टीपकागद वापरते. ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरण्याची रीत कधीच मागे पडली. आणि घरी काढलेली रेघ मळवलीपर्यंत वाळली नसती का? मला याचा उलगडा आजवर झालेला नाही.

सरूबाई त्याच घरात राहते. माझ्या नकलेवर ती जागा अजून कोरीच आहे. यजमानांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही... पण मी लिहायला बसले, की ते माझ्या बोटांकडे पाहतात.