नळीवाली की डबीवाली

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी एक्सेल शीट लागते. टोस्टर घेताना त्याने सात टोस्टर नऊ रकान्यांत बसवले होते, आणि शेवटी घेतला तो सेलमध्ये होता म्हणून. त्यामुळे मला रायफल घ्यायची आहे असं सांगितल्यावर तो दचकेल, चिडेल, निदान "डोकं फिरलंय का तुझं?" एवढं तरी म्हणेल असं मला वाटलं होतं. कसलं काय! स्वारीने चष्मा पुसला आणि विचारलं, "ऑप्शन्स किती आहेत?"

ऑप्शन्स दोन होते. दोन्ही पॉइंट टू-टूच्या बारीक गोळीच्या, दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढची गोळी आपोआप वर येऊन तयार राहते. न्यूझीलंडमध्ये तेव्हा शेतावर ससे मारायला बहुतेकांकडे याच दोन तऱ्हा असायच्या. एकीत बॅरलखाली एक लांब नळी, तिच्यात गोळ्या एकामागे एक भरायच्या. दुसरीत दहा गोळ्यांची छोटीशी डबी, ती खालून खट्कन बसवायची. त्यांना काय ती खरी नावं असतील ती असोत, आमच्या घरात त्या नळीवाली आणि डबीवाली झाल्या.

दोन्हींचा मालक एकच. आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी पापाकुराला राहायचो; दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. नवरा रोज ट्रेनने ऑकलंडला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर, आणि मी जवळच एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये. तिथल्या स्टोअरवर एक म्हातारा किवी होता. हुनुआच्या टेकड्यांकडे त्याची दहा एकर जमीन, थोड्या मेंढ्या, आणि त्याच्या भाषेत 'हीप्स', म्हणजे ढिगाने, ससे. त्याचे गुडघे गेले होते. आता एका रायफलीवर भागेल, दुसरी कुणी घेतं का, असं तो एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. मी पोळीचा घास तोंडात तसाच ठेवून विचारलं, "मी येऊ बघायला?" तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "शनिवारी ये. स्वीट ॲज." म्हणजे, खुशाल ये.

तिथे स्वतःचं लायसन्स नसलं तरी लायसन्सवाला शेजारी असेल तर चालवून बघता यायची. मी सरळ गवतात पालथी पडले. आणि काय सांगू, गालाला लाकूड लागलं, तेलाचा वास आला. मागे नवरा उभा होता म्हणून, नाहीतर तिथेच भोकाड पसरलं असतं.

कॉलेजात मी कॅडेट होते. पुण्यात. रविवारी सकाळी परेड, परेड संपली की हातावर एक समोसा आणि एक केळं, आणि मग ज्यांचा नेम बरा त्या मुलींना चांदमारीवर नेत. तिथली रायफल जुनी, जड, आणि एकेका गोळीची. गोळी घाल, बोल्ट लाव, श्वास सोड, थांब, चाप ओढ, बोल्ट मागे घे, पुंगळी काढ. पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या, आणि त्या पाच भोकांचा जो पुंजका पडेल तो तुमचा ग्रुप. आम्हाला शिकवणारा हवालदार राजस्थानकडचा, आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो. माझा ग्रुप रुपयाएवढा यायचा. एकदा नाही, दर रविवारी. शेवटच्या वर्षी दिल्लीच्या स्पर्धेसाठी निवडचाचणी होती आणि उस्तादाने यादीत माझं नाव पहिलं लिहिलं होतं.

मी गेलेच नाही. त्याच रविवारी घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला. मुलगा मुंबईचा, इंजिनिअर, आईवडील आणि मामाला घेऊन येणार. माझी निवड आहे असं मी आईला एकदाच म्हटलं. आई म्हणाली, "मग मुलाकडच्यांना काय सांगू? मुलगी बंदूक उडवायला गेलीय?" एरवी माझी जीभ किती चालते ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी पुढे ब्र काढला नाही. खडीवर टेकून टेकून माझी कोपरं सोलवटली होती, म्हणून आईने लांब बाह्यांचं ब्लाउज शोधून दिलं. मुलाने विचारलं, आवड कशाची? मी मान खाली घालून सांगितलं, विणकामाची.

तोच हा, एक्सेलवाला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. माणूस चांगला आहे, त्यात वाद नाही. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे, ऑकलंडला उतरल्यापासून 'अरे' म्हणते, त्याचंही त्याला काही नाही. पण तेरा वर्षांत असा रविवार गेला नाही की जाग आल्या आल्या मला चांदमारी आठवली नाही. ती खडी, तो मातीचा उंच बांध, शेजारच्या मुलीचा श्वास. जीव तुटायचा अगदी. पदकबिदक मला नको होतं. त्या दिवशी गेले असते तर माझी निवड झाली असती की नसती, एवढंच एकदा कळायला हवं होतं.

आणि म्हाताऱ्याच्या शेतावर ते कळायची लक्षणं दिसेनात. डबीतल्या दहा गोळ्या मी अर्ध्या मिनिटात संपवल्या. कागदावर भोकं अशी पसरली की अक्षताच टाकल्यात. मग नळीवाली घेतली. तिच्यातही तेच, उलट जास्तच. भरलेली नळी पुढून जड, रायफल हातात मस्त स्थिरावते. पण प्रत्येक गोळीबरोबर ती हलकी होत जाते, पाचव्या गोळीला पहिल्या गोळीची रायफल उरत नाही. डबीवालीचा भार मधोमध, तो काही बदलत नाही, पण ती मुळात इतकी हलकी की हातात काही आहे असंच वाटेना. आणि दोघींना रोग एकच. पुढची गोळी आपली तयारच! बोट थांबायलाच मागत नाही. बोल्ट ओढायचा असला की माणूस जरा भानावर येतो, मागची चूक मनातून जाते. इथे तेवढी उसंतच नाही.

"मग बोल्टवाली घे," म्हातारा म्हणाला. पण ती त्याच्याकडे नव्हती आणि दुकानातली नवी आम्हाला परवडणारी नव्हती.

परतताना गाडीत नवऱ्याची बडबड सुरू. "डबीवालीच. दोन सेकंदांत रीलोड होते. जास्तीच्या डब्या भरून खिशात ठेवायच्या." म्हाताऱ्याचं मत नळीवालीला. त्याचं म्हणणं, डबी गवतात पडली की गेली, नळीचं काही हरवत नाही. एकदा भरा आणि विसरा. दोघं माझ्या डोक्यावरून महिनाभर भांडले, नवरा फोनवर, म्हातारा स्टोअरमध्ये. शीटमध्ये चौदा रकाने झाले. मला मात्र त्या दिवशी गाडीत खिडकीबाहेर बघताना एकच वाटत होतं, उस्तादाने उगाच कौतुक केलं माझं. मी साधीच होते.

तरी लायसन्सचा अर्ज केला. तिथली पद्धत अशी, की आधी सुरक्षिततेची परीक्षा, मग पोलिसांतर्फे एक माणूस घरी येतो, बंदुकीचं कपाट बघतो, अर्ज करणाऱ्याची मुलाखत घेतो आणि मग नवऱ्याची किंवा बायकोची वेगळी घेतो. हिच्या हातात बंदूक दिली तर चालेल ना, हे नवऱ्याला विचारायचं! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, "अगं, मी अर्ज केला असता तर तुला विचारलं असतं." ते बरोबर होतं, पण राग काही गेला नाही.

त्याने गॅरेजच्या भिंतीला लोखंडी कपाट स्पिरिट लेव्हल लावून बसवलं. आणि मी काय केलं? तो माणूस शनिवारी सकाळी अकराला येणार म्हटल्यावर पोहे केले. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, शेजारी पाण्याचा ग्लास. घरी कुणी बघायला, विचारायला येणार म्हटलं की हात आपोआप कांदा चिरायला घेतात, त्याला मी तरी काय करू? तो निवृत्त पोलीस होता, हातात फाइल, अंगात घरी विणलेला स्वेटर. पोहे त्याने दोनदा घेतले.

मग त्याने नवऱ्याला गॅरेजमध्ये पिटाळलं, मी आधी कधी बंदूक चालवलीय का ते विचारलं आणि माझं कॉलेजातलं सगळं ऐकून म्हणाला, "एवढा चांगला नेम होता, मग सोडलंस का?" मराठीत कुणी विचारलं असतं तर 'लग्न झालं, राहूनच गेलं' म्हणून मी मोकळी झाले असते. आमच्याकडे तेवढं पुरतं, पुढे कुणी खोदत नाही. पण हा परका माणूस पेन उघडून वाट बघत बसला, आणि जे मी आईलाही नीट सांगितलं नव्हतं ते त्याला इंग्रजीत सांगून टाकलं. निवडीच्या दिवशी एक मुलगा मला बघायला येणार होता, म्हणून मी गेले नाही.

"आणि त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"गॅरेजमध्ये आहे," मी म्हटलं.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले. हसले कसली, तेरा वर्षांनी बोलून गेले म्हणून हलकं वाटलं. मग माझी रवानगी स्वयंपाकघरात आणि नवरा बाहेरच्या खोलीत. तिथल्या घरांच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे, सगळं ऐकू येत होतं. रागावते का? "रागावते, पण बोलून टाकते." भांडणात वस्तू फेकते का? "एकदा लाटणं. पण माझ्या दिशेने नाही." मी आत कपाळावर हात मारला. मग तो माणूस फाइल मिटता मिटता गमतीत म्हणाला, "म्हणजे तिची मोठी मॅच तुझ्यामुळे हुकली तर!"

 मग नवऱ्याचा आवाज आला, "कुठली मॅच?"

तो माणूस गेल्यावर नवऱ्याने ट्रे उचलून आत आणला, सिंकमध्ये ठेवला आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याने पोह्यांच्या बश्या विसळल्या. मग म्हणाला, "आणि विणकाम?"

"डोंबलाचं विणकाम."

मला वाटलं, हसेल. हसला नाही. पुढे कित्येक दिवस तो माझ्याशी भाजी काय आणू, एवढंच बोलत होता, आणि एक्सेल शीट त्याने उघडलीच नाही. मला वाटायला लागलं की आपण उगाच तोंड उघडलं.

लायसन्सचं कार्ड पोस्टाने आलं. त्या शनिवारी आम्ही म्हाताऱ्याकडे गेलो, कुठली घ्यायची ते एकदाचं ठरवायला. नवऱ्याने गाडीतून मोजायची लांब टेप काढली. "पंचवीस यार्ड म्हणजे बावीस मीटर शहाऐंशी," असं म्हणत गवतातून वाकून वाकून अंतर मोजलं, कागद लावला आणि माझ्याशेजारी येऊन चक्क ओल्या गवतात बसला. इस्त्रीची पँट! मग म्हाताऱ्याकडून डबीवाली मागितली, गोळ्यांचं खोकं स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि डबीत एकच गोळी दाबली.

"एकच?" मी विचारलं.

"एकेकच देणार. झाडलीस की डबी माझ्याकडे दे."

म्हातारा म्हणाला, तुम्ही दोघं वेडे आहात, दहाच्या डबीत एक गोळी घालायची तर सेमी-ऑटोमॅटिक कशाला हवी? खरंच होतं त्याचं. पण पहिली गोळी गेली, मी डबी काढून दिली, नवऱ्याने खोक्यातून गोळी उचलली, अंगठ्याने आत दाबली, माझ्या हातात ठेवली. तेवढ्यात माझा श्वास जागेवर आला. दुसरी. तिसरी.  गवताचा वास येत होता, कोपरं दुखत होती, बॅरलच्या टोकावरची नेम धरायची माशी काळ्या गोलाखाली अगदी स्थिर बसत होती, आणि मी एकवीस वर्षांची होते. खोटं कशाला सांगू, त्या पाच गोळ्यांपुरती मला शेजारणीकडे ठेवलेली मुलगी, घर, तो स्वतः, काही आठवत नव्हतं. पाचवी गेली तेव्हा मला ती संपल्याचंच वाईट वाटलं.

कागद आणायला तोच गेला. तिथे उभा राहून बराच वेळ बघत होता. परत आला तेही सावकाश. मी विचारलं, "किती?" त्याने कागद माझ्यापुढे धरला. पाचही भोकं एकमेकांत घुसलेली, रुपयाखाली सगळी झाकली गेली असती.

"तू दिल्लीला गेली असतीस," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. छे रे, तेव्हाचं वेगळं होतं, असं काहीतरी म्हणायला हवं होतं, त्याला बरं वाटलं असतं. पण नाही म्हणवलं.

म्हाताऱ्याने माझ्या हातातली रायफल घेतली, रिकामी आहे ना ते बघितलं आणि तो मेंढ्यांकडे निघून गेला. नवरा कागदाची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

"मला कुणी सांगायला हवं होतं गं," तो म्हणाला. "मी पुढच्या रविवारी आलो असतो. मला त्या रविवारीच यायचं असं काहीच नव्हतं."