रुवैसच्या बसमधला बेसबॉल

मंदीत नोकरी गेल्यावर तिसऱ्या इंटरव्ह्यूसाठी मी आखातातल्या रुवैसला निघालो होतो. बसमध्ये शेजारी रत्नागिरीकडचा एक पन्नाशीचा कुक बसला. रुवैसच्या रिफायनरीच्या कॅम्पात अमेरिकन इंजिनियरांना जेवण वाढता वाढता त्याने बेसबॉलचा अख्खा सीझन टीव्हीवर पाहिला होता. मंदी आली, इंजिनियर घरी गेले आणि त्याला बेसबॉलवर बोलायला माणूसच उरलं नाही. त्या दिवशी मी सापडलो.

डब्यातली काकडी बॅटसारखी धरून तो चालत्या बसमध्ये उभा राहिला.

"साहेब, तीनदा बॉल चुकला की खलास! पण बॅटला लागून बाहेर गेला तर तो फाऊल. दोनदा चुकल्यावर फाऊल कितीही होऊ देत, गडी बाद नाय."

"अरे बैठो!" ड्रायव्हर ओरडला.

तो बसला आणि अर्धी काकडी त्याने मला दिली. "इंटरव्ह्यू कितवा?"

"तिसरा. आधीच्या दोन्हीकडे नकार."

तो गंभीरपणे विचारात पडला. "मग आता घाबरायचं नाय. आज नाय जमलं तर फाऊल धरा."

नाही जमलं. पुढच्या दोन ठिकाणीही नाही. घरी आलो की बायको विचारायची, "काय झालं?" मी "फाऊल" म्हणायचो आणि ती चहा टाकायची.

सहाव्या खेपेला नोकरी लागली, तेव्हा मात्र मी दारातच अडलो. बॉल नीट लागला तर काय म्हणतात, हे त्याला विचारायचंच राहिलं होतं.