सांबरशिंगाची मूठ

माझा शेजारी, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, आपला चाकू दाखवताना आधी बजावतो, "शिंग जंगलात गळून पडलेलं हाय, शिकारीचं नाही." मूठ सांबरशिंगाची, त्याच्या आजोबांच्या वेळची. काम झालं की तो ती ओल्या फडक्याने पुसतो, लगेच कोरडी करतो, उन्हापासून जपतो आणि अधूनमधून तिच्यावर जवसाच्या तेलाचं बोट फिरवतो. स्वतःच्या टाचांच्या भेगांना मात्र त्याने कधी तेल लावलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याने तो चाकू आम्हाला कैऱ्या चिरायला दिला. मी तो धुवायला कढत पाण्याच्या बादलीत टाकला आणि पेपर वाचत बसलो. मूठ मधोमध तडकली. मी गुपचूप चाकू त्याच्या ओट्यावर ठेवून आलो.

संध्याकाळी गल्ली जमली. त्याने तडा निरखला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "आमच्या मोत्यानं चावली. त्याले शिंगाचा लय नाद." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या मोत्याच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता.

तेव्हापासून तो कुत्रा दिसला की बायका लाटणी उचलून आत ठेवतात. मला राहवेना. हे लिहायला बसण्याआधी मी शेजाऱ्याला म्हटलं, "आता गल्लीले खरं सांगून टाकतो. कुत्र्याची फुकट बदनामी होऊन राह्यली."

तो तडकलेल्या मुठीला तेल चोळत होता. मान वर न करता म्हणाला, "गप राय बे. मोत्याची काय सोयरीक अडली हाय?"