वर्गातला अम्माचा फोटो

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी नव्याने रुजू झाले, तेव्हा मला सातवीचा वर्ग मिळाला. वर्गाच्या मागच्या भिंतीवर आधीपासूनच एक मोठा फ्लेक्स होता. वर ठळक अक्षरांत 'तुमचे भविष्य तुम्हीच निवडा'. डावीकडे लॅपटॉपसमोर बसलेला कोटातला साहेब, त्याच्याखाली 'ज्याने अभ्यास केला'. उजवीकडे दारात बसून विड्या वळणारी बाई, मांडीवर सूप. तिच्याखाली 'ज्याने वेळ वाया घालवला'.

चाचणी परीक्षेनंतर पालकसभा झाली. वर्गातल्या एका हुशार, अबोल मुलीची आई त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आली. घरची भाषा तेलुगू. मराठी बोलायची, पण वाचता येत नव्हतं. मार्कांचं काही न विचारता ती सरळ मागच्या भिंतीपाशी गेली आणि हसत म्हणाली, "बाई, ही मीच हाय की."

मला आधी कळेचना. मी फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेच कपाळ, हनुवटीवरचा तोच तीळ. 

"गेल्या साली गल्लीत एक माणूस फोटो काढत फिरत हुता," ती सांगू लागली. "शेजारचं पोरगं म्हणालं, तुमचा फोटो शाळेत लागलाय. ह्या पोरीला इचारलं तर म्हणाली, व्हय अम्मा, कष्ट करणाऱ्या बायांचं कौतुक लिवलंय. तेच लिवलंय नव्हं? वाचून दाखवा की."

मुलगी तिच्या शेजारी उभी होती. माझ्याकडे एकटक बघत होती.

"हो," मी म्हणाले. "कष्टाला मान द्या, असं लिहिलंय."

आईने पदराच्या टोकाने फोटोवरची धूळ पुसली आणि समाधानाने मुलीचे मार्क विचारले. मी ते सांगितले खरे, पण काय सांगितलं ते मला आज आठवत नाही.

सभा संपल्यावर मी मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस भला. मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी दारोदार फिरणारा. ऐकून तेही चरकले.

"अरेरे. फ्लेक्सवाल्याने नेटवरून उचलला असणार. नेमका आपल्याच पालकाचा निघावा? उद्याच काढा तो. दुसऱ्या बाईचा फोटो टाकून नवा करून घेऊ."

 ते मनापासून बोलत होते.

"सर, ती दुसरी बाईसुद्धा कुणाची तरी आई असेल. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी विड्या वळतात."

फ्लेक्सवाल्याला लावायला उचललेला फोन त्यांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "राहू दे मग. भिंत मोकळीच ठेवा."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी मी फ्लेक्स उतरवायला लागले. ती मुलगी लवकर आली होती. तिने न सांगता दुसरं टोक धरलं.

"तू कधी ओळखलंस?" मी विचारलं.

"लावला त्याच दिवशी."

"मग मला सांगायचं नाही का?"

"वर्गात सगळ्यांनाच माहीत होतं, बाई." ती दोरीची गाठ सोडवत होती. "मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे."

 इतके दिवस मी त्या फ्लेक्सकडे तोंड करून शिकवत होते आणि ही मुलगी मला काय समजत होती, ते मला आत्ता कळत होतं. मला माहीत नव्हतं, असं मी तिला सांगितलं. तिने नुसती मान हलवली. विश्वास बसला की नाही, समजलं नाही.

"अम्माला फोटो पाहिजे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "घरात लावणार म्हणते."

मी कात्री आणली, फोटोचा भाग कापला आणि गुंडाळी करून तिच्या हातात दिला. तिने ती पुन्हा उलगडली. खालच्या कडेला त्या ओळीतल्या अक्षरांच्या वरची रेघ राहून गेली होती. नीट पाहिलं तर मात्राही दिसत होत्या.

"कात्री द्या, बाई."

ती जमिनीवर मांडी घालून बसली. रोज विड्यांची पानं कापायची सवय असलेल्या हाताने तिने ती कड एका दमात, अगदी सरळ कापून टाकली.